टायगर मॉथची टाकी आणि दीड किलो पुळी

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता प्राचार्य मुरलीकृष्ण यांनी वरलक्ष्मीला केबिनमध्ये बोलावले आणि खिडकीतून बाहेर बोट दाखवले. कॉलेजच्या फाटकापाशी काँक्रीटचा एक खांब उभा होता. शनिवारी तो करडा होता, आता आकाशी झाला होता. माथ्यावर लोखंडी पत्रा आणि त्यातून वर आलेले चार जाडजूड बोल्ट.

“कसा दिसतो?” प्राचार्यांनी विचारले.

“छान आहे, सर. कोणाचा पुतळा?”

“तुमचा,” प्राचार्य म्हणाले आणि तिचा चेहरा पाहून स्वतःच हसले. “म्हणजे तुमच्या विमानाचा.”

वरलक्ष्मी तंजावूरच्या त्या कॉलेजात अकरा वर्षे विमानदुरुस्तीची प्रात्यक्षिके घेत होती. ‘तुमचे विमान’ म्हणजे वर्कशॉपमधले टायगर मॉथ. १९४३ची बांधणी, एकावर एक दोन पंख, लाकडी सांगाड्यावर ताणलेले कापड, पुढे-मागे दोन आसने. एका बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबकडून ते कॉलेजकडे आले त्याला तीस वर्षे झाली होती. ते उडत नव्हते, उडवायची परवानगीही नव्हती. पण दर सत्राच्या सुरुवातीला त्याला ढकलत मैदानात नेत, चाकांना ठोकळे लावत आणि वीस मिनिटे इंजिन चालवत. पुस्तकात वाचलेले सगळे त्या वीस मिनिटांत विद्यार्थ्यांच्या अंगावर येई: आवाज, वारा, तेलाचे शिंतोडे.

गेल्या सत्रात मात्र वरच्या पंखांच्या मधोमध बसवलेली पेट्रोलची टाकी गळू लागली आणि सगळे थांबले.

“टाकी गळते,” प्राचार्य बोटांवर मोजू लागले. “गळते म्हणून अग्निशमनवाले पेट्रोल भरू देत नाहीत. पेट्रोल नाही म्हणून इंजिन नाही. इंजिन न चालणारे विमान म्हणजे पुतळा, आणि पुतळ्याची जागा खांबावर. यात कुठे चुकतंय का?”

“उन्हात कापड सहा महिनेसुद्धा टिकणार नाही, सर.”

“पत्रा ठोकू.”

“आणि इंजिन?”

“काढून ठेवू. वजन कमी होईल.”

पत्रा ठोकलेले, पोटात काही नसलेले, वर कावळे बसलेले आपले विमान वरलक्ष्मीच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. पुढच्या वर्षापासून मुलांना इंजिन कुठे दाखवायचे? फळ्यावर?

“टाकी दुरुस्त झाली तर?” तिने विचारले.

हा प्रश्न प्राचार्यांना अपेक्षित नव्हता. ते एरवी इंग्रजीत बोलत आणि अडचणीत आले की तमिळवर येत. आता ते तमिळवर आले. शुक्रवारी दहा वाजता टाकी काठोकाठ भरायची, शनिवारी दहापर्यंत खाली पांढरा कागद ठेवायचा. कागदावर एक थेंब पडला, तरी विषय संपला. क्रेन सोमवारी अकराला येणार होती.

“क्रेन रिकामी परत गेली तर मला आनंदच होईल,” ते म्हणाले. खांबाकडे बघत म्हणाले, त्यामुळे ते तितकेसे खरे वाटले नाही.

नवी टाकी परदेशातून मागवायची तर सहा महिने. वर्कशॉपचा फिटर प्राणेश आणि ती अशा दोघांनी दुपारपर्यंत टाकी उतरवली आणि ऑटोत घालून वेल्डिंगची दोन दुकाने पालथी घातली. पहिल्याने वास घेतला आणि हात जोडले. दुसऱ्याने वाससुद्धा घेतला नाही.

“विमानाची टाकी आहे,” प्राणेश त्याला समजावत होता.

“मग विमानवाल्याकडे न्या ना.”

तिसरे नाव ऑटोवाल्यानेच सुचवले. कीळवासलच्या आतल्या गल्लीत रघोजीचे दुकान होते. तो भांड्यांना कल्हई करी, बंबांचे सांधे जोडी, देवळातल्या मोठ्या हंड्यांची भोके बुजवायला कथलाचा डाग देई. वय सत्तरीच्या आसपास. आपला पणजोबा राजवाड्यातल्या भांड्यांना कल्हई करत होता असे तो सांगे, आणि ते खोटे आहे असे सांगणारे आता कोणी उरले नव्हते. घरी मराठी, गिऱ्हाइकांशी तमिळ, मनासारखे काम दिसले की दोन्हींची मिसळ.

त्याने टाकी मांडीवर घेतली, नखाने खरवडली, बोटाच्या पेराने वाजवली.

“लोखंडाचा पत्रा, वरून कथील-शिशाचा हात. सांधे डागाचे. टीचरम्मा, हे तर आमचंच काम. कोणी केलं?”

“इंग्लंडात झालंय, मामा. ऐंशी वर्षांपूर्वी.”

“बरं केलंय,” रघोजी म्हणाला. पलीकडच्या गल्लीतल्या कारागिराविषयी बोलावे तसा. “पण आधी धुवायचं. कढत पाण्यानं, परत परत. हिच्या तोंडाला नाक लावल्यावर मला नुसत्या पाण्याचा वास आला पाहिजे. पेट्रोलचा एवढासा वास असला तरी मी विस्तवाजवळ नेणार नाही. मला अजून दोन नातींची लग्नं बघायची आहेत.”

कॉलेजात गरम पाण्याची सोय नव्हती. मेल वीदी या रस्त्यावरच्या वरलक्ष्मीच्या घरी मागल्या अंगणात विहीर होती आणि तांब्याचा मोठा बंब होता. टाकी तिथे गेली.

घरात तिच्याबरोबर तिची अत्या राही. कमलाक्षी, वय चौऱ्याहत्तर, मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. तिच्या देवघरातल्या समया इतक्या लखलखत की त्यात पाहून कुंकू लावता येई. मंगळवारी वरलक्ष्मीने आठ वेळा टाकी कढत पाण्याने भरली, हिंदकळवली, ओतली. आठही वेळा पाणी तांबडेभडक आले. अत्या पायरीवर बसून ते बघत होती आणि तिला ते बघवत नव्हते.

“आतून किती गंजली गं ही! कोणी कधी घासली नाही?”

“आत हात जात नाही, अत्या.”

“हात कशाला जायला हवा?” अत्या म्हणाली. वरलक्ष्मीने तिकडे लक्ष दिले नाही. ही चूक तिला दुसऱ्याच दिवशी कळली.

बुधवारी सकाळी सहा वाजता ती मागल्या दारी आली तेव्हा अंगणाला रसमाचा वास येत होता. टाकी तोंड वर करून विहिरीच्या कट्ट्याला टेकून ठेवली होती आणि तोंडाशी काळपट फेस आला होता.

“अत्या, हे काय घातलंस?”

“पुळी,” कमलाक्षी अत्या अभिमानाने म्हणाली. चिंचेला ती पुळीच म्हणे. “दीड किलो. नवी नाही हं, मागच्या वर्षीची काळी पुळी, तिलाच जोर असतो. कोळून गरम पाण्यात घातली, रात्रभर ठेवली. समया कशा निघतात? तशीच निघाली बघ. बॅटरी आण आणि आत बघ.”

वरलक्ष्मीने बॅटरी आणली आणि आत पाहिले. टाकी आतून चांदीसारखी चमकत होती. मग तिने ती रिकामी करून स्वच्छ पाण्याने भरली आणि दोन विटांवर ठेवली. सोमवारी टाकी डाव्या कोपऱ्यातून, एका जागी गळत होती. आता ती सात जागी गळू लागली. पाच जागी थेंब थेंब, दोन जागी सरळ धार.

अत्याने सातही मोजल्या. गणिताची बाई, मोजल्याशिवाय राहवेना. मग ती आत जाऊन बसली आणि कापीला, म्हणजे सकाळच्या कॉफीला, नको म्हणाली, हे त्या घरात यापूर्वी फक्त एकादशीला घडले होते.

रघोजी साडेआठला आला. त्याने टाकी पाहिली, बोट ओले करून चाटले आणि पोट धरून हसला.

“अम्मा! बाहेर या की. रसम तुमचं झकास झालंय, थोडं मीठ कमी पडलं.”

“थट्टा करू नका,” आतून अत्याचा आवाज आला. “माझ्यामुळे सहा भोकं पडली.”

“पडली नाहीत, उघडली. गंजच बुचासारखा भोकात बसला होता, म्हणून टाकी धरून होती. मी वरून डाग दिला असता, तो गंजावर बसला असता आणि महिन्यात सुटला असता. तुमच्या पुळीनं सगळं खरं ते बाहेर काढलं. पत्रा लख्ख झालाय, आता डाग कसा धरतो बघा.” मग वरलक्ष्मीकडे वळून तो हळू आवाजात म्हणाला, “पण आता शेवटचा दोरासुद्धा बाहेर निघाला पाहिजे, टीचरम्मा. चिंचेचा दोरा लई वाईट.”

टाकीच्या आत, पेट्रोल हिंदकळू नये म्हणून, पत्र्याच्या दोन आडव्या भिंती होत्या. त्या भिंतींमागे चिंचेचे दोरे अडकले होते. सोड्याचे पाणी घालून त्यांनी टाकी अकरा वेळा धुतली. अत्या प्रत्येक वेळचे पाणी फडक्यातून गाळून दोरे वेचत होती. दहाव्या आणि अकराव्या खेपेला काही निघाले नाही. तेव्हा तिने कापी मागितली.

“पण सातच भोकं आहेत कशावरून?” वरलक्ष्मीने विचारले. “पाणी जिथून जात नाही तिथून पेट्रोल जातं.”

“बरोबर. रॉकेल लागेल, अर्धा डबा,” रघोजी म्हणाला. “आणि अम्मा, कोलमावू आहे का घरात?”

कोलमावू म्हणजे रांगोळीची पांढरी पूड. ती त्या घरात नसती तरच नवल. रघोजीने ती स्पिरिटमध्ये कालवली आणि अत्याने जुन्या मऊ पंच्याने सगळ्या टाकीला बाहेरून तिचा पातळ हात दिला. कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही; रोज पहाटे उंबऱ्यासमोर चाललेला हात होता तो. पूड वाळली आणि टाकी पांढरीशुभ्र झाली. मग धार लागणाऱ्या दोन भोकांत साबण दाबून आत रॉकेल भरले आणि दर अर्ध्या तासाला टाकी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवली. जिथे रॉकेल झिरपे तिथे पांढऱ्यावर करडा ठिपका उमटे. वरलक्ष्मी पेन्सिलीने त्याभोवती गोल करी. दुपारी दोन वाजता, ती दोन धरून, गोल झाले नऊ.

गुरुवार सगळा डाग देण्यात गेला. पहाटेपासून पुन्हा कढत पाणी, पुन्हा सोडा, मग रघोजीने टाकीच्या तोंडाला नाक लावून इतका लांब श्वास घेतला की प्राणेश म्हणाला, “मामा, टाकी चेपेल.” वास गेल्याची खात्री झाल्यावर शेगडी पेटली. तांब्याचा जाड ठोकळा निखाऱ्यात तापवायचा, नवसागरावर घासायचा, कथील उचलायचे आणि भोकावर टेकवून हलकेच ओढायचे. कथील पाण्यासारखे पसरून सांध्यात शिरे आणि क्षणात गोठे. रघोजी प्रत्येक डागाला टेकताना बोलणे बंद करी आणि उचलल्यावर अर्ध्या राहिलेल्या वाक्यापासून पुन्हा सुरू करी. संध्याकाळी पाचला नववा डाग झाला.

शुक्रवारी सकाळी टाकीला पुन्हा कोलमावूचा हात देऊन ती कॉलेजच्या मैदानात, बदामाच्या झाडाखाली लाकडी घोड्यांवर ठेवली. चारी बाजूंनी दोरी, दोरीबाहेर अग्निशामक नळकांडी. दहा वाजता पेट्रोल भरले. खाली पांढरा कागद अंथरून चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. प्राचार्यांनी घड्याळ पाहिले आणि कागदावर स्वतःच्या हाताने वेळ लिहिली.

शनिवारी सकाळी आठ वाजता वरलक्ष्मी आणि रघोजी झाडाखाली आले. कागद कोरडा होता. रघोजीने टाकीला वाकून नमस्कार केला. वरलक्ष्मी मात्र गुडघ्यांवर बसून टाकीची खालची बाजू न्याहाळू लागली, आणि जिथून पेट्रोलची नळी निघते त्या कड्यापाशी तिला एक करडा ठिपका दिसला. मोहरीएवढा.

“मामा.”

रघोजीने पाहिले. बराच वेळ पाहिले.

“थेंब पडलाय का?” त्याने विचारले.

“नाही. नुसती ओल आहे.”

“दोन तासांत पडेल?”

“नाही. बावीस तासांत मोहरीएवढं झालंय.”

“मग झालं की! अट थेंबाची आहे. तुमचे सर कागद बघतील, त्यांना ठिपक्यातलं काय कळतं?” त्याने खांद्यावरचा पंचा काढला. “एक हात फिरवतो, पूड जाते. नंतर सावकाश करू ना नीट. मी कुठे पळून चाललोय? टीचरम्मा, क्रेन परवा येतेय.”

“ठाऊक आहे.”

“मग?”

वरलक्ष्मीने पंचा त्याच्या हातातून घेतला आणि घडी करून त्याच्याच खांद्यावर ठेवला.

दहाला पाच कमी असताना प्राचार्य आले. त्यांच्यामागे तिसऱ्या वर्षाचा अख्खा वर्ग. प्राचार्यांनी चष्मा लावून कागद पाहिला, बोट फिरवले, बोटाचा वास घेतला. मग फाटकाकडे एकदा नजर टाकून, मोठ्या मनाने म्हणाले, “कोरडा आहे. ठीक. अभिनंदन.”

मुलांनी टाळ्या वाजवल्या.

“सर,” वरलक्ष्मी म्हणाली, “एक मिनिट. इथे ओल आहे.”

टाळ्या थांबल्या. रघोजीला खोकला आला.

“कुठे?” प्राचार्यांनी वाकून पाहिले. “हा ठिपका? हा तर काहीच नाही.”

“पेट्रोल आहे, सर. कड्याचा सांधा झिरपतोय. इंजिन चालू झालं की टाकी थरथरते. ओलीचा थेंब होईल आणि तो खाली बसलेल्याच्या अंगावर पडेल.”

“पण अट थेंबाची होती. तुम्ही पास झालात.”

“मी झाले असेन. टाकी नाही झाली. अकरा वर्षं मी या मुलांना सांगत आलेय की थोडंसं गळणं असं काही नसतं. एक तर गळतं, नाही तर गळत नाही.”

प्राचार्य तमिळवर आले. “अम्मा, मला कळत नाही, तुम्हाला नेमकं काय हवंय?”

“सोमवारी दहापर्यंत वेळ. आज सांधा करते, उद्या दहाला टाकी भरते, सोमवारी तुम्ही बघा. कागद नव्हे, टाकीच बघा.”

“आणि तेव्हाही ओल असली तर?”

“क्रेन अकराला येतेच आहे,” वरलक्ष्मी म्हणाली.

आपल्या परीक्षेत पास झाल्यावर कोणी स्वतःहून नापास झाल्याचे प्राचार्यांच्या तीस वर्षांच्या नोकरीत घडले नव्हते, आणि त्यासाठी त्यांच्याकडे नियमही नव्हता. “सोमवार दहा,” ते म्हणाले. “त्यापुढे एक मिनिट नाही.”

ते गेल्यावर रघोजी बराच वेळ नुसता मान हलवत होता. “राजवाड्यात असता ना टीचरम्मा, तर पहिल्या दिवशी हाकललं असतं तुम्हाला.”

“डाग कसा देणार ते सांगा, मामा. पेट्रोलचा वास दोन दिवस जाणार नाही.”

“म्हणून तर मान हलवतोय.” पण तो विचारही करत होता. “नऊ जागी असतं तर नसतं जमलं. एकच जागा आहे. टाकी उलटी करा. कडं वर. पेट्रोल काढा, पाणी भरा, उतू जाऊ द्या, तासभर उतू जाऊ द्या. उरलंसुरलं पेट्रोल पाण्यावर तरंगून निघून जाईल. आत पाणीच पाणी, वाफेला जागा राहणार नाही. फक्त कड्याखाली दोन बोटं मोकळी, नाही तर पाणी आमच्या ठोकळ्याची ऊब पिऊन टाकेल.”

तसेच केले. दुपारी तीनला, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, रघोजीने आधी कड्यावरचा गुरुवारचा डाग तापवून उचलला. त्याखाली सांध्यात आडवा पडलेला, जळून कोळसा झालेला एक केसासारखा दोरा होता. कथील त्याच्यावरून गेले होते आणि दोऱ्याएवढी वाट उरली होती.

“चिंच,” रघोजी म्हणाला. “हे अम्मांना सांगू नका.”

“सांगणार,” वरलक्ष्मी म्हणाली.

“तुम्ही सगळंच सांगता,” रघोजी वैतागून म्हणाला, आणि ठोकळा टेकवण्यासाठी गप्प झाला.

रविवारी टाकीला पुन्हा कोलमावूचा हात दिला आणि दहाला ती भरली. सोमवारी पावणेदहालाच प्राचार्य झाडाखाली हजर होते. या वेळी त्यांनी कागदाकडे पाहिलेही नाही. पँट सावरत गुडघ्यांवर बसले, मोबाइलचा दिवा लावला आणि टाकीची खालची बाजू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. कड्यापाशी दोनदा पाहिली. टाकी पांढरीशुभ्र होती. दहाचे टोल पडेपर्यंत ते उठले नाहीत.

“नाही,” उठताना ते म्हणाले. “कुठेच नाही.” आणि मग गुडघे झटकत, काहीशा घाईने, “इंजिन कधी चालवता?”

“टाकी बसवायला चार तास लागतील, सर.”

“मी थांबतो.”

अकराला क्रेन आली. चालक खाली उतरला, त्याने खांबाकडे बघितले, विमानाकडे बघितले. काय उचलायचे हे कोणी सांगेना. कोणी जा असेही म्हणेना, म्हणून तो क्रेनच्या सावलीत बसून डबा खाऊ लागला.

तीन वाजून दहा मिनिटांनी चाकांना ठोकळे लागले. वरलक्ष्मी मागच्या आसनात बसली. प्राणेशने इंजिनापुढचा पंखा दोन्ही हातांनी धरला आणि तिच्याकडे पाहिले. तिने स्विच टाकले, अंगठा वर केला. पहिल्या झटक्याला इंजिन नुसते शिंकले. दुसऱ्याला तेही नाही. प्राचार्य रघोजीच्या कानाशी लागून काहीतरी विचारत होते आणि रघोजी त्यांना हाताने थांबा म्हणत होता. तिसऱ्या झटक्याला निळ्या धुराचा एक लोट निघाला, पंखा दिसेनासा झाला आणि मैदानातले गवत मागच्या मागे आडवे पडले.

क्रेनचा चालक डबा हातात घेऊन दोरीपर्यंत आला.

“हे तर चालतंय!” तो प्राचार्यांच्या कानाशी ओरडला. “मग वर कशाला चढवत होता?”

प्राचार्यांनी ऐकले नसावे. ते विमानाच्या वाऱ्याने उडणारे केस एका हाताने धरून, दुसऱ्या हाताने तिसऱ्या वर्षाच्या मुलांना पुढे या, पुढे या, अशी खूण करत होते. वरलक्ष्मीने तेलाच्या दाबाचा काटा पाहिला, वेळ पाहिली आणि वीस मिनिटे मोजायला सुरुवात केली.